साठीनंतरची नोकरी

चंदीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग स्वतः त्या दिवशी मिग घेऊन आकाशात होते, संरक्षणमंत्री राजनाथसिंह खाली बसून पाहत होते, आणि उतरलेल्या विमानांवर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सोडून त्यांना मानवंदना दिली गेली. मी नाशिकला घरी टीव्हीसमोर बसून हे सारे पाहत होतो. आमच्या सौ. चहा घेऊन आल्या, क्षणभर पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुटले बिचारे." विमान सुटले असे त्यांना म्हणायचे होते की ते उडवणारी मुले, हे मी विचारले नाही. पंचवीस वर्षे हवाई दलाच्या क्वार्टरमध्ये संसार केलेल्या बाईला दोन्ही म्हणण्याचा अधिकार आहे.

मी वैमानिक नव्हतो. हवाई दलात होतो म्हटले की समोरच्याचे डोळे लगेच आकाशाकडे वळतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. मी इंजिन फिटर. अठराव्या वर्षी भरती झालो, मद्रासजवळच्या तांबरमला इंजिनाचे धडे घेतले, आणि नोकरीची बहुतेक वर्षे मिग-२१च्या शेपटीशी काढली. लढाऊ विमान उडते तेव्हा त्याच्यामागे खाली जमिनीवर माझ्यासारखी बरीच माणसे राबत असतात. कोणी इंजिन पाहतो, कोणी सांगाडा, कोणी वीजजोडणी, कोणी शस्त्रे, तर कोणी उतरताना मागे उघडणारी ब्रेकची छत्री घडी करून ठेवतो. प्रत्येकाने आपले काम तपासून 'फॉर्म ७००' नावाच्या वहीत सही करायची. शेवटची सही वैमानिकाची. ती झाली की विमान त्याचे. तोवर ते आमचे.

या वहीतल्या सहीचे वजन काय असते ते एकदाच कळले. ठिकाण आणि नाव सांगत नाही. सकाळच्या पहिल्याच उड्डाणाला गेलेले विमान परतले नाही. इंजिनाच्या रकान्यात त्या दिवशी माझी सही होती. भोंगा वाजताच वही जप्त झाली, आणि पुढचे अठरा दिवस मी जेवलो काय आणि झोपलो काय, मला आठवत नाही. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पाइप मनातल्या मनात पुन्हा तपासत होतो. पक्षी इंजिनात शिरला होता असे चौकशीत निघाले. मी सुटलो. तेवीस वर्षांचा तो मुलगा आदल्या संध्याकाळी आमच्याशी व्हॉलीबॉल खेळला होता. भोंगा वाजला की क्वार्टरमधल्या बायका दारात येऊन उभ्या राहत आणि कोणी कोणाशी बोलत नसे, हे मला सौ.नी पुष्कळ वर्षांनी सांगितले.

म्हणूनच 'उडती शवपेटी' हे शब्द कोणी सहज वापरले की मला राग येतो. आणि राग ओसरला की वाटते, बोलणाऱ्याचे सगळेच चूक नाही.

आधी विमानाची बाजू. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाल्यावर आपल्यालाही ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान हवे होते. सोव्हिएत संघाने विमानाबरोबर ते बनवण्याची विद्याही देऊ केली, म्हणून १९६२ साली मिग-२१ची निवड झाली. १९६३ मध्ये चंदीगडला विंग कमांडर दिलबागसिंग यांच्या हाताखाली २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सुरुवात अवघ्या सहा विमानांनी झाली. हे दिलबागसिंग पुढे हवाई दल प्रमुख झाले. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानाच्या जोडणीसाठी. इंजिने ओरिसातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला तयार होत. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल या विमानाने पेटती ठेवली आणि मुलांची शिक्षणे केली. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या या जिल्ह्यात हजारोंना मायक्रॉनमध्ये मोजायला त्याने शिकवले, ही त्याची कामगिरी कोणी सांगत नाही.

युद्धातली कामगिरी मात्र सर्वांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक असल्याची बातमी लागली. विंग कमांडर बी. के. बिष्णोई गुवाहाटीहून चार मिग घेऊन निघाले, हातात होता पर्यटकांसाठी छापलेला शहराचा नकाशा. रॉकेटांनी नेमकी ती इमारत फोडली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी ढाका पडले.

असे हे विमान. लहान, वेगवान, सुईसारखे. पण त्याचा स्वभाव अवघड. एकच इंजिन, मागे ओढलेले छोटे त्रिकोणी पंख, पोटात इंधन कमी. उतरताना त्याचा वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर असे. कॉकपिटमधून पुढचे धड दिसत नाही. अनुभवी हाताला ते लोण्यासारखे वागे, नवख्याला दुसरी संधी देत नसे. आणि आपण त्याच्यावर सर्वांत जास्त बसवले ते नवख्यांनाच!

मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. आपली मुले 'किरण' या शिकाऊ जेटवर शिकत. ते सौम्य विमान, शिक्षक आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात, आणि ध्वनीच्या वेगाच्या ते बरेच अलीकडे राहते. तिथून मुलगा थेट मिग-२१वर. लुनावरून उठवून एखाद्याला एक्सप्रेसच्या इंजिनावर बसवावे, तसे हे होते. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे एअर मार्शल ला फॉन्टेन यांच्या समितीने १९८२ साली सांगितले. ब्रिटिश 'हॉक' विमानांचा करार झाला २००४ साली, आणि ती बिदरला हवाई दलात दाखल झाली २००८ साली. शिफारस झाली तेव्हा जन्मलेले मूल, पायरी तयार होईपर्यंत, सव्वीस वर्षांचे झाले होते. मधल्या काळात ज्यांना पायरी न मिळता उडी मारावी लागली, त्यांतले काही माझ्या सहीच्या विमानांत बसत होते.

संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ साली संसदेत आकडे दिले. १९ एप्रिल २०१२पर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात, त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांमधले आठ जण मृत्युमुखी. हा आकडा सर्व मिग विमानांचा, मात्र संख्येने सर्वांत मोठे कुटुंब मिग-२१चेच. तरीही विमानच मुळात वाईट, हा निष्कर्ष मला पटत नाही. ज्या स्टारफायटरला उत्तर म्हणून आपण मिग घेतले, त्याची पश्चिम जर्मनीकडे ९१६ विमाने होती. त्यांतली २९२ अपघातांत गेली, शंभराहून अधिक वैमानिक गेले. त्या पिढीची विमाने अशीच होती. फरक इतकाच की जर्मनांनी स्टारफायटर सत्तरच्या दशकातच बाजूला ठेवायला घेतले, आणि आपण मिग-२१ बासष्ट वर्षे चालवले. सरकारी नोकराला अठ्ठावन्नाव्या नाही तर साठाव्या वर्षी घरी पाठवतात, याला त्यानंतरही रजा नव्हती.

आता याचा अर्थ १९६३ची विमाने २०२५ साली उडत होती असा नाही, हे सांगायला हवे. नवे नवे प्रकार येत गेले. शेवटचा 'बायसन'. त्यात नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे बसवली गेली, आणि ते कामही बहुतेक नाशिकलाच झाले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानी विमानांमागे गेले ते बायसन घेऊनच. पण डोळे नवे लावले तरी हाडे जुनीच राहतात. विमानाचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत आणि वर्षांतही मोजतात. मुदत संपली की सांगाडा तपासून ती वाढवून देता येते. शास्त्राप्रमाणे केले तर त्यात गैर काही नाही. पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुटे भाग मिळणे किती कठीण झाले ते आम्ही हातांनी अनुभवले आहे. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा आणि पहिले उभे ठेवायचे, यात फिटरचे कसब दिसते. पण अशी वेळ वर्षानुवर्षे येते तेव्हा दिल्लीत कोणीतरी निर्णय घ्यायचा राहिलेला असतो.

ही चर्चा हवाई दलाच्या भिंतीबाहेर आणण्याचे धैर्य प्रथम दाखवले ते मुंबईच्या एका आईने. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला मिग-२१च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि हवाई दलातूनच निवृत्त झालेले वडील अनिल गाडगीळ यांनी मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे विचारला. तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना ते रुचले नव्हते. मलाही नाही. घरातले बाहेर बोलू नये, ही आमची शिस्त. आज वाटते, त्या विचारत होत्या तेच प्रश्न आम्ही कँटीनच्या टेबलावर हलक्या आवाजात एकमेकांना विचारत होतो.

मिगची जागा घेणारे विमान कागदावर कधीच जन्मले होते. हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली. 'तेजस' पहिल्यांदा उडाले ४ जानेवारी २००१ रोजी, स्क्वाड्रनमध्ये आले जुलै २०१६मध्ये. उशिराचे खापर एकट्यावर फोडता येणार नाही. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, आपले कावेरी इंजिन अपेक्षेला उतरले नाही, हवाई दलाच्या मागण्या बदलत गेल्या. दरम्यान बाहेरून १२६ विमाने घेण्याची निविदा २००७ साली निघाली आणि शेवटी २०१६ साली ३६ राफेलवर मिटली. २०२१च्या फेब्रुवारीत ८३ 'तेजस मार्क १ए'चा करार झाला, पुरवठा २०२४च्या सुरुवातीला सुरू व्हायचा होता. अमेरिकन इंजिने वेळेवर आली नाहीत, इतरही कामे रेंगाळली, आणि चंदीगडला मिगवर फवारे उडाले त्या दिवशी नव्या प्रकारचे एकही विमान स्क्वाड्रनमध्ये नव्हते. त्याच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ विमानांचा करार झाला! कागद आपल्याकडे नेहमी वेळेवर असतो.

मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनची. मिग गेल्यावर राहिल्या २९. ही नुसती दिल्लीतल्या तज्ज्ञांची आकडेमोड नाही. स्क्वाड्रन कमी म्हणजे आहेत त्या विमानांनी जास्त उडायचे, आहेत त्या माणसांनी जास्त राबायचे, रजा पुढे ढकलायची. आणि म्हाताऱ्या विमानांच्या रांगेत मिगच्या मागे उभे आहे 'जग्वार'. हे विमान आपल्याकडे १९७९ पासून आहे. ब्रिटन, फ्रान्स, ओमान यांनी आपापली जग्वार कधीच मोडीत काढली. आपल्याकडे २०२५ या एका वर्षात मार्च, एप्रिल आणि जुलै महिन्यांत तीन जग्वार कोसळली. जामनगरजवळ एक आणि चुरूजवळ दोन वैमानिक गेले. मिगची गोष्ट संपली म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. नव्या विमानालाही दृष्ट लागत नाही असे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. म्हणून तेजस वाईट ठरत नाही. एका अपघातावरून विमान जोखू नये, हे मिगच्या बाबतीत शिकलो ते इथेही लागू आहे.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. विमाने साठ-साठ वर्षे वापरायची, आणि ती सांभाळणारा माणूस चार वर्षांत घरी पाठवायचा, हा हिशेब कोणता? २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुले कायम होणार. निवृत्तिवेतनाचा भार सरकारला पेलायचा आहे, हे मान्य. पण चार वर्षांनी मी नुसता स्पॅनर बरोबर धरायला लागलो होतो. इंजिनाचा आवाज किंचित बदलला आहे, हे कानाला कळायला मला नऊ-दहा वर्षे लागली, आणि ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. माझ्या वरच्या एका मल्याळी वॉरंट ऑफिसरने रोज सकाळी माझा कान धरून, अक्षरशः धरून, ते शिकवले.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला जुळवलेले पहिले तेजस मार्क १ए ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. आमच्या गल्लीतला एक मुलगा नुकताच अग्निवीर म्हणून निवडला गेला आहे, बेळगावजवळ सांबऱ्याला प्रशिक्षणाला जाणार आहे. तो पेढे घेऊन आला. पायाला हात लावून म्हणाला, "आजोबा, तांत्रिक ट्रेड मिळाला तर काय लक्षात ठेवू?" मी त्याला फॉर्म ७०० विषयी सांगितले. सही करण्याआधी घाई कोणी केली, अगदी अधिकाऱ्याने केली, तरी थांबायचे, पुन्हा एकदा पाहायचे, मग पेन उघडायचे. त्याने मान डोलावली. सौ. आतून म्हणाल्या, "अहो, त्याच्या आईला पण बोलवा एकदा. मला तिच्याशी बोलायचंय."