जुना पत्ता शिळा कधी होतो?

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी परिपत्रक काढून बँकांना सांगितले, की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नव्या नावावर न्या. हे नाव बँकांनाच मिळते आणि ते देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. बँकेचे खोटे पान उभारणाऱ्याला हे शेपूट लावता येत नाही. निर्णय चांगलाच आहे. पण आरोग्याच्या सदरात बँकेचे काय काम?

प्रकाशा किंवा शहादा तालुक्यातल्या कुठल्याही गावातून सरकारी दवाखान्यात येणारी बाळंतीण बघा. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये तिच्या खात्यात जमा होतात, मातृवंदना योजनेचे पैसेही तिथेच येतात. आले की नाही, हे बहुतेक वेळा घरातल्या एकुलत्या स्मार्टफोनवर नवरा किंवा दीर बघतो. त्यातच पत्ता बदललेला असला की एकाला जुने पान दिसते, दुसऱ्याला नवे, तिसऱ्याला काहीच नाही. दवाखान्यातही हे घडते. योजनेचे पोर्टल नव्या सर्व्हरवर गेले की एकाच टेबलावरच्या दोन सिस्टरांपैकी वायफायवालीला जुने पान आणि मोबाइल डेटावालीला नवे. फोन करून विचारले तर उत्तर ठरलेले: “अपडेट व्हायला ४८ तास लागतात, थांबा.”

हे ४८ तास म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात.

संगणकांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाइप करतो तेव्हा ते नाव कोणत्या आकड्यांच्या पत्त्यावर आहे हे आधी कुणाला तरी विचारावे लागते. पूर्वी ही सगळी नावे एकाच फाइलमध्ये असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तसे ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी काम वाटून देणारी पद्धत मांडली. तीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. तुमचा फोन मोबाइल कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. त्याला ठाऊक नसेल तर तो सर्वांत वरच्या ‘रूट’ सर्व्हरकडे जातो. ही १३ नावांची यंत्रणा आहे, तिच्या प्रती जगभर आणि भारतातही ठेवलेल्या आहेत. रूट सांगतो, ‘डॉट इन’वाल्यांना विचार. ते पुढचे दार दाखवतात. शेवटी त्या संकेतस्थळाच्या मालकाचा सर्व्हर खरा आकडा देतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी.

दर वेळी प्रत्येकाने ही पायपीट केली तर वरचे सर्व्हर कोलमडतील. म्हणून मिळालेले उत्तर मधला सर्व्हर काही काळ स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्या हजारोंना तेच देतो. किती काळ ठेवायचे, हे उत्तराबरोबरच लिहून येते. त्याला टीटीएल म्हणतात आणि ते सेकंदांत मोजतात. ८६,४०० म्हणजे एक दिवस, ३०० म्हणजे पाच मिनिटे. ‘डॉट कॉम’च्या नावासाठी कोणता सर्व्हर जबाबदार आहे, ही वरच्या पातळीवरची नोंद १,७२,८०० सेकंदांची असते. आपले सुप्रसिद्ध ४८ तास ते हेच.

लसीकरणाच्या सत्रात बसलेल्या कोणत्याही एएनएमताईंना हे पटकन उमजेल. पेंटाव्हॅलंट किंवा तोंडाने द्यायच्या पोलिओच्या लसीची उघडलेली कुपी नियम पाळून ठेवली तर चार आठवडे चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची मात्र डायल्युएंट मिसळल्यापासून ४ तासच. दर बाळामागे कुणी कारखान्याला फोन करत नाही, कुपीची मुदत बघतो. प्रत्येक उपकेंद्राची कुपी वेगळ्या वेळी उघडलेली असते, म्हणून ती वेगळ्या वेळी संपते. डीएनएसचेही तसेच. ज्या सर्व्हरने बदलाच्या पाच मिनिटे आधी विचारले तो दिवसभर जुनेच उत्तर देत राहील. ज्याची मुदत नेमकी तेव्हाच संपली त्याला लगेच नवे मिळेल. दोन सिस्टरांच्या फोनमध्ये फरक पडतो तो इथे. नवी माहिती कुणीही कुणाकडे पाठवत नाही, जुनी फक्त शिळी होते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरही काही वेळ साठवले जाते, त्यामुळे नवा पत्ता सुरू होण्याआधीच फलकावर छापला तर लोकांच्या वाट्याला तेही येते.

म्हणून माझा आग्रह संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडे आहे, विशेषतः सरकारी योजनांच्या. सर्व्हर हलवायच्या किमान एक दिवस आधी टीटीएल पाच मिनिटांवर आणा. आदल्या रात्री नव्हे, कारण जुनी एक दिवसाची मुदत आधी संपावी लागते. मग पत्ता बदला आणि जुना सर्व्हर दोन-तीन दिवस चालू ठेवा, काही कंपन्या मुदत उलटल्यावरही जुने उत्तर देतात. सगळे सुरळीत झाले की मुदत पुन्हा वाढवा. याला जास्तीचा पैसा लागत नाही, कॅलेंडर लागते. तरीही हे काम सोमवारी सकाळी ओपीडीच्या वेळेतच का करायचे, हे मला आजवर कळलेले नाही.

नावच बदलले, जसे बँकांचे, तर प्रश्न वेगळा. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. पण लोकांच्या डायऱ्यांतले ‘जि. धुळे’ कुणी घरोघरी जाऊन खोडले नाही. नाव बदलताना ही जुनी सवय धरावी लागते. बँका जुन्या नावावर आलेल्या माणसाला आपोआप नव्यावर नेतात, ते म्हणूनच. मात्र संकेतस्थळाचे नाव कुणाच्या कायमच्या मालकीचे नसते. ते जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते आणि नूतनीकरण केले नाही तर सुटते. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ने संपणारे सुटलेले नाव मग कुणीही घेऊ शकतो. उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेला पत्ता तोच राहतो, पान भलत्याच माणसाचे उघडते आणि ते आधार क्रमांक मागते.

पान उघडत नसेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, फोन बंद करून चालू करा, संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करा. गुगलवर शोधून वर आलेल्या जाहिरातीतल्या दुव्यावर मात्र जाऊ नका. पैसे जमा झाले का, हे पासबुक भरून घेतले तरी कळते. आणि उपकेंद्राच्या भिंतींवरचे पत्ते एकदा मोबाइलवर टाकून बघण्याचे काम येत्या मासिक बैठकीत कुणाकडे तरी सोपवावे. एका दुपारचे काम आहे.