फारसीतले वतन आणि गावगाड्यातले वतन

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठावर मांडवगण फराटा हे गाव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका. ज्या भीमेकाठी कोरेगावचा विजयस्तंभ उभा आहे, तीच भीमा पुढे इकडे येते. या गावाचा फारसी भाषेशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याने तलाठ्याच्या दप्तरात डोकावावे. मौजे, जमीन, जिरायत, बागायत, हद्द, कब्जा, वारस, तहसीलदार हे सगळे शब्द फारसी, नाहीतर फारसीतून आलेले अरबी. इराण-अफगाणिस्तानात खेड्याला 'देह' म्हणतात. आपल्या जुन्या महसुली कागदांत गावांच्या यादीला 'देहझाडा' म्हणत. निजामशाही-आदिलशाही गेली, शब्द राहिले. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, तरी गावचे दप्तर फारसी बोलतच राहिले.

आमचे म्हणणे त्यातल्या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे वतन.

फारसी बोलणाऱ्या खेडुताला वतन म्हणजे मायभूमी. परदेशात गेला की तो वतनाच्या आठवणीने डोळे पुसतो. आपल्या गावगाड्यात पाटील-कुलकर्ण्याला वतन म्हणजे मानपान आणि उत्पन्न. आणि महाराला? सरकारी टपाल पोहोचवा, मयताचा सांगावा न्या, मेलेली ढोरे ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा. दिवस-रात्र नाही. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बदल्यात इनामाचा तुकडा आणि दारोदारचे बलुते. शब्द एकच, पण एकाला त्यात देश मिळाला आणि दुसऱ्याला वेठ.

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. जमीन जाईल या भीतीने आपल्यातलेही काही विरोधात गेले, हे लपवण्याचे कारण नाही. 1929 मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा 1958 चा. तो 1 ऑगस्ट 1959 पासून लागू झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

वेठ गेली. जमीन आकाराच्या तिप्पट रक्कम भरून परत मिळायची, पण अट अशी की कलेक्टरच्या परवानगीवाचून विकायची नाही आणि विकताना नजराणा भरायचा. परवानगी, नजराणा; पुन्हा फारसीच! ही अट आपल्या रक्षणासाठी आहे असे सांगतात. काही अंशी ते खरेही आहे. पण आमच्याकडे माणसे कागदांची पिशवी घेऊन येतात तेव्हा दिसते ते वेगळेच. अट ठाऊक असलेला येतो, चार पैसे हातावर ठेवतो आणि आजोबांच्या वारसांकडून कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेतो. पंधरा वर्षांनी परवानगीही तोच मिळवतो. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा 300 कोटींचा व्यवहार गाजला, तेव्हा शहराला हा शब्द कळला. भीमेकाठच्या दोन-तीन एकरांची बातमी कोण छापणार?

फारसीत 'दाद' म्हणजे न्याय आणि 'फर्याद' म्हणजे आक्रोश. कोर्टात हे दोन्ही शब्द रोज आमच्या तोंडी असतात. पण त्यासाठी हातात कागद लागतो, आणि मोबाईलवरचा सातबारा त्याला पुरत नाही. समाजबांधवांनी कडईपत्रकाची आणि 1959 नंतरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल आधी काढावी. कुलमुखत्यारपत्रावर सही मागायला कोणी आलाच, तर त्याला ओट्यावर बसवून चहा द्यावा आणि कागद मात्र वाचायला ठेवून घ्यावा.