कोष्टकातले मरण

हिप-हॉप संगीताचे दिवस भरले, अशी दवंडी २०२५ च्या अखेरीपासून पिटली जात आहे. निमित्त झाले ते 'बिलबोर्ड' या अमेरिकन नियतकालिकाच्या 'हॉट हंड्रेड' यादीचे. १९५८ च्या ऑगस्टपासून प्रसिद्ध होत असलेली ही शंभर गीतांची साप्ताहिक क्रमवारी म्हणजे लोकप्रियतेचे प्रमाणपत्रच, असे जगभर मानले जाते. २५ ऑक्टोबर २०२५ या तारखेच्या यादीत पहिल्या चाळिसांत एकही रॅप गीत नव्हते. १९९० च्या फेब्रुवारीनंतर असे प्रथमच घडले होते. तेवढ्यावरून हिप-हॉपच्या तेराव्याची तयारी सुरू झाली आणि पॉपच्या राज्यारोहणाचे पोवाडेही लिहिले गेले. हा सारा निवाडा उतावळा आहे, आणि त्यामागे अज्ञानाइतकाच पूर्वग्रहही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य परप्रांती सरकारी सेवेत, विवरणपत्रांच्या सहवासात गेले आहे. आकडा हा नमुन्याच्या पोटी जन्म घेतो, हे त्यांना आम्ही सांगावयास नको. 'पक्के घर' कशाला म्हणावे, याची व्याख्या जरा सैल केली की हजारो झोपड्या एका रात्रीत पक्क्या होतात. आणि जागेवरची एक वीटही हललेली नसते. म्हणून वाढघटीचा तक्ता समोर आला की मुरलेला अधिकारी प्रथम विचारतो : गेल्या वर्षीचा नमुना आणि यंदाचा नमुना एकच आहे ना? हिप-हॉपचा मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी एवढा एक प्रश्न विचारला असता, तर पुष्कळ शाई वाचली असती.

कारण नेमका त्याच आठवड्यात नमुना बदलला होता. जुनी गीते यादीत अडून बसू नयेत म्हणून 'बिलबोर्ड'ने ती काढून टाकण्याचा नियम कडक केला. पूर्वी बावन्न आठवडे झालेले गीत पंचविसाव्या क्रमांकाखाली घसरले की यादीतून जात असे. आता त्यासाठी सव्वीस आठवडे पुरेसे ठरले. केंड्रिक लामार आणि सिझा यांचे 'लूथर' हे गीत तेव्हा शेहेचाळीस आठवड्यांचे होते. त्याआधी तेरा आठवडे ते अग्रस्थानी राहिले होते आणि आदल्या आठवड्यातही अडतिसावे होते. जुन्या नियमाने त्याला यादीत जागा होती, नव्या नियमाने ते निवृत्त झाले. शिवाय टेलर स्विफ्ट यांच्या नव्या अल्बमची बाराही गीते तेव्हा यादीच्या वरच्या भागात ठाण मांडून होती. आणि चव्वेचाळिसाव्या क्रमांकावर एक रॅप गीत होतेच! रेघ चाळिसावर ओढली म्हणून ते मेले, पन्नासावर ओढली असती तर जिवंत राहिले असते.

हे आजच घडते आहे, असेही नाही. १९९१ पर्यंत अमेरिकेतील रेकॉर्डविक्रीचे आकडे खरे आकडे नव्हतेच. कोणती रेकॉर्ड किती खपते हे दुकानदारांना विचारले जाई, आणि ते आठवणीने व अंदाजाने सांगत. अंदाज माणसाच्या कलाने झुकतो. २५ मे १९९१ पासून अल्बमांच्या यादीसाठी बारकोडवरून केलेली प्रत्यक्ष विक्रीची मोजणी वापरात आली. लगेच जूनमध्ये 'एन. डब्ल्यू. ए.' या रॅप गायकसंघाचा अल्बम अग्रस्थानी पोहोचला. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम निघताक्षणी पहिला आला. महिन्याभरात अमेरिकेची अभिरुची पालटली होती काय? मुळीच नाही. ज्यांना कोणी धड मोजत नव्हते, ते श्रोते मोजले गेले, एवढेच.

बरे, गीत कोणत्या रकान्यात घालावयाचे, हेही यादी करणाराच ठरवितो. २०१९ साली लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' हे गीत कंट्री संगीताच्या यादीतून काढून टाकण्यात आले. तेच गीत पुढे मुख्य यादीत सलग एकोणीस आठवडे पहिले राहिले. ऐकणारे तेच, गाणे तेच. वाद होता तो रकान्याचा.

हाच न्याय आम्ही दुसऱ्या बाजूसही लावतो. २०१३ च्या फेब्रुवारीत यूट्यूबवरील चित्रफितींची मोजणी यादीत धरली जाताच 'हार्लेम शेक' हे गीत एकदम पहिल्या क्रमांकावर अवतरले. २०१८ च्या जुलैत ड्रेक या रॅप गायकाच्या एकाच अल्बमची पंचवीसही गीते शंभरांत शिरली, कारण स्ट्रीमिंगच्या मोजणीत अल्बममधील प्रत्येक गीत स्वतंत्र उमेदवार ठरते. त्या वेळी हिप-हॉपच्या दिग्विजयाच्या तुताऱ्या फुंकणाऱ्यांनी आज रडू नये. आणि आज हसणाऱ्यांनी, त्याच नियमाने स्विफ्ट यांची बारा गीते वर चढली, हे विसरू नये.

हिप-हॉपचा वाटा अलीकडे काहीसा आटला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु २०१७ साली अमेरिकेत सर्वाधिक ऐकला जाणारा प्रकार म्हणून रिदम अँड ब्लूज व हिप-हॉप यांचा एकत्रित वर्ग प्रथम क्रमांकावर आला, आणि २०२४ च्या अखेरीसही तो तेथेच होता. ओहोटीला मृत्यू म्हणणारा मनुष्य समुद्रकिनाऱ्यावर नवखाच असला पाहिजे.

मग या मरणाच्या वार्तेने आपल्याकडील अनेक सभ्य गृहस्थांना इतके हायसे का वाटावे? १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत जन्मलेले हे संगीत त्यांना कधीच रुचले नव्हते. न रुचण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु 'मला आवडत नाही' असे म्हणण्याऐवजी 'लोकांनाच आता आवडत नाही, पाहा आकडे' असे म्हणणे ही लबाडी होय.

या लबाडीला आपल्या नभोवाणीचा इतिहास हे चांगले उत्तर आहे. १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बा. वि. केसकर हे मराठी मंत्री शास्त्रीय संगीताचे कैवारी होते. त्यांच्या धोरणाने चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्या वेळी कोणी केवळ आकाशवाणीच्या नोंदवह्या पाहून निष्कर्ष काढला असता, तर चित्रपटगीत मेले असेच लिहावे लागले असते. प्रत्यक्षात श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली होती, आणि घरोघरी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' ऐकली जात होती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती सुरू करून सरकारला त्या श्रोत्याच्या मागे जावे लागले. केसकरांचा हेतू उदात्त होता. पण जे मोजले नाही ते अस्तित्वातच नाही, हा समज उदात्त हेतूनेही खरा होत नाही.

हा वाद केवळ करमणुकीचा नाही. याद्या पाहूनच कंपन्या पैसा लावतात, नभोवाणी केंद्रे गाणी निवडतात आणि नव्या गायकांना दार उघडते किंवा बंद होते. नियमाच्या कात्रीने पडलेले छिद्र लोकांच्या मनात पडले असे एकदा ठरले, म्हणजे उद्याचा गायक दारातच अडतो, आणि मग ते भाकीत आपल्याच बळावर खरे ठरते.

तेव्हा आमच्या वाचकांस आमची विनंती एवढीच : घरातील मुलगा कानांत रॅप घालून बसला असेल, तर त्याच्याशी संगीताविषयी खुशाल भांडावे, शब्द, ताल, अर्थ यांवरून त्याला निरुत्तर करता आले तर करावे. परंतु त्याच्यापुढे क्रमवारीचा कागद फडकवू नये. कचेरीत ज्या तक्त्यावर नमुन्याची खातरजमा केल्याशिवाय आपण सही करीत नाही, तो घरी आल्यावर वेदवाक्य मानण्याचे कारण नाही.