सायरन वाजतो, ऐकतो कोण?

डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावात रात्री दोन वाजता गाडीचा सायरन वाजला, तर तो ऐकणार कोण? पाडे विखुरलेले, घराला घर लागून नाही. पिकअप किंवा इको बहुधा घरापाशी नसतेच; डांबरी जिथे संपते तिथे उभी असते. पहिल्या रात्री कोणी बॅटरी घेऊन बघायला येईल. दुसऱ्या रात्री कुत्री भुंकतील. आठवडाभर रोज मांजर बॉनेटवर चढलं की सायरन वाजू लागला, तर मालक स्वतःच कूस बदलून झोपेल आणि पुढच्या बाजाराला आपल्या दुकानात येऊन म्हणेल, "शेठ, ते भोंग्याचं काढून टाका."

तरीही आपण आवाजच विकत आलो आहोत. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, मोठा वाजतो ना?" आणि आपण काउंटरवरच वाजवून दाखवतो. डहाणू-तलासरी पट्ट्यात काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन मंडळींना या महिन्यात एवढंच सांगायचं आहे की, इथे गाडी वाचवायची असेल तर आवाज दुय्यम आहे. गाडी जागची हलू न देणं हे पहिलं काम, आणि ते आपल्या हाताच्या सफाईवर अवलंबून आहे.

भूगोल बघा. तलासरीतून आच्छाड नाका ओलांडला की भिलाड, म्हणजे गुजरात. उधव्याकडून आत वळलं की दादरा-नगर हवेली. किनाऱ्याने बोर्डी-झाई करत गेलं की उंबरगाव. एकाच तालुक्याच्या आसपास दोन राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश, शिवाय मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. मालकाला पहाटे जाग येऊन तो अंगणात येईपर्यंत गाडीने तीन हद्दी बघितलेल्या असतात. महामार्गाने नेली तर चारोटीच्या टोलवर फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज निदान मालकाच्या फोनवर येतो. पण चोर काचेवरचा टॅग खरवडून टाकतो, नाहीतर आतल्या रस्त्याने जातो. या भागातल्या चोराला गाडी लपवावी लागत नाही, फक्त पुढे न्यावी लागते. म्हणून सुरुवातीची मिनिटं महत्त्वाची, आणि ती सायरन वाचवत नाही.

2013 च्या एप्रिलमध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून स्टेशनाबाहेरच्या दुचाकींची रांग वाढतच गेली. सकाळी पाचच्या अंधारात लावलेली मोटरसायकल रात्री नऊपर्यंत तिथेच. वापी, उंबरगावला पाळीवर जाणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली की शेतात दोरी बांधून केलेल्या पार्किंगमध्ये गाड्यांचा समुद्र. अशा गर्दीत दर पाच मिनिटांनी कुठल्यातरी गाडीचा अलार्म वाजतो आणि त्याकडे मान वळवून कोणी बघतही नाही. निर्जन पाड्यावर ऐकायला माणूस नाही, यात्रेत ऐकणाऱ्याला पर्वा नाही.

हा नुसता आमचा तर्क नव्हे. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना इंजिन इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1995 ते 2008 या काळातल्या चोऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा या एका उपकरणाने वाहनचोरीचं प्रमाण सरासरी 40 टक्क्यांनी खाली आणल्याचा अंदाज निघाला. उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे ह्युंदाई आणि किया कंपन्यांच्या चावी फिरवून सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्या 2021 पर्यंत इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या. पोरांनी समाजमाध्यमांवर त्या चोरण्याची 'स्पर्धा' लावली आणि शहरंच्या शहरं हैराण झाली. शेजारच्या कॅनडात 2007 पासून इमोबिलायझर सक्तीचा असल्यामुळे तिथे ही लाट तशी उठलीच नाही. चावीतल्या एका छोट्या चिपने जे केलं ते भोंग्याने कधीच केलेलं नाही.

आपल्याकडच्या नव्या मोटारींत चिप असते, पण आपल्या पट्ट्यात रोज दारात येतं काय? दहा-बारा वर्षं जुनी पिकअप, इको, ॲपे, किक मारून चालू होणारी मोटरसायकल. यांना कसली चिप! म्हणून आपला जुना 'चोर स्विच' अजून संपलेला नाही. तो नीट बसवला तर हजार रुपयांत जे काम होतं ते दहा हजारांच्या सिस्टिमनेही होत नाही. अडचण 'नीट' या शब्दात आहे.

बहुतेक ठिकाणी चोर स्विच स्टिअरिंगखाली डाव्या हाताला सापडतो. आपल्याला तिथे बसवायला सोपं जातं, आणि चोरालाही ते माहीत असतं, कारण त्यातला एखादा कधीकाळी कुठल्यातरी गॅरेजात पोऱ्या म्हणून काम करून गेलेला असतो. प्रत्येक गाडीत जागा वेगळी हवी. वायरचा रंग मूळ हार्नेससारखा हवा. टेप काळी आणि कापडी, कंपनीत गुंडाळतात तशी. लाल-पिवळी वायर आणि चकचकीत टेप म्हणजे चोराला लावलेला बाणच.

आता रिले. फक्त स्टार्टरची वायर तोडली की काम झालं असं समजणारे बरेच आहेत. हाताने गिअर टाकायची पिकअप उतारावर धक्क्याने चालू होते, आणि किकच्या गाडीला स्टार्टर लागतच नाही. तेव्हा अशा गाड्यांत इग्निशन किंवा डिझेलचा सोलेनॉइडही अडवावा लागतो. पण तिथेच धोका आहे. स्टार्टरच्या लाइनवर रिले 30 आणि 87 वर जोडा, म्हणजे अलार्मचं युनिट उपटून फेकलं तरी लाइन तुटलेलीच राहते. रिले बिघडली तर गाडी फार तर जागेवर उभी राहील. इग्निशन किंवा पंपाच्या लाइनवर मात्र तीच जोडणी केली आणि रिलेची कॉइल जळली, तर गाडी महामार्गावर ऐंशीच्या वेगात बंद पडेल, मागून कंटेनर येत असताना. तिथे 87ए वरच जोडा, आणि इग्निशन चालू असताना युनिटकडून तोडण्याचा हुकूम सुटणारच नाही अशी व्यवस्था करा. मोबाइलवरून 'इंजिन बंद' करणारे ट्रॅकर विकतानाही हेच लागू. गाडी थांबलेली असेल तरच, किंवा अगदी कमी वेगातच तो हुकूम चालावा, अशी सेटिंग असते. ती करून द्या. चोर पळवत असलेली गाडी भर रस्त्यात बंद केली तर मरणारा माणूस चोरच असेल याची खात्री काय?

बीएस-सहाच्या गाड्यांबद्दल फार लिहीत नाही, एवढंच सांगतो: जुना बल्बचा टेस्ट लॅम्प त्या वायरिंगवर लावू नका. ईसीयूच्या लाइनला बल्बचा करंट सोसत नाही. मल्टिमीटर घ्या, नाहीतर गाडी घेऊच नका.

उगाच वाजणाऱ्या अलार्मचं मूळ आपल्याकडे बहुधा बॉनेटच्या स्विचमध्ये सापडतं. चिंचणीपासून झाईपर्यंत खारा वारा, त्यात आपला पावसाळा. बॉनेटखालचा पिन-स्विच दोन पावसाळ्यांत गंजतो, आतला स्प्रिंग अर्ध्यावर अडकतो आणि युनिटला वाटतं बॉनेट उघडलं. अर्थ घेताना रंग न खरवडता बोल्ट आवळला असेल तर तोही पहिल्या श्रावणातच डळमळतो. स्विच रबरी टोपीचा घ्या, ग्रीस भरा, अर्थचा पॉइंट उघडा पत्रा दिसेपर्यंत घासा, जोडाला सोल्डर करून वर हीट-श्रिंक ओढा. शॉक सेन्सर वर्कशॉपमध्ये बोटाने टिचकी मारून लावू नका. गाडी रात्री जिथे उभी राहते तिथून ट्रक जातात का, हे मालकाला विचारून लावा. दहा मिनिटांचं काम जास्त होतं, पण "ते भोंग्याचं काढून टाका" म्हणत तोच माणूस परत येत नाही.

बॅटरीचा हिशेबही गिऱ्हाइकाला सांगत जा. झोपलेल्या अवस्थेत अलार्म आणि ट्रॅकर मिळून 20 मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. महिनाभर उभ्या गाडीत चौदा-साडेचौदा. 35 च्या बॅटरीला हे भारी पडतं. चिकूच्या हंगामापुरती बाहेर निघणारी गाडी असेल तर मालकाला हे आधी कळायला हवं, नाहीतर तो बॅटरीवाल्याशी भांडेल आणि बॅटरीवाला तुमच्याशी.

ट्रॅकरबद्दल एक गोष्ट चिंतेची. बसवून दिला, ॲप उघडून दाखवलं, पैसे घेतले, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवला: 123456. 2022 साली अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एका चिनी बनावटीच्या लोकप्रिय ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यातल्या त्रुटींमुळे दुसरा कोणीही गाडीचा ठावठिकाणा बघू शकत होता, इंधनसुद्धा तोडू शकत होता. कारखान्याचा पासवर्डही हाच होता. म्हणजे आपण चोराला नकाशा काढून देतो. पासवर्ड मालकाच्या हाताने, आपल्यासमोर, बदलून घ्या. सिमचा रिचार्ज कधी संपतो ती तारीख वॉरंटी कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा. वर्षभराने रिचार्ज संपलेला ट्रॅकर म्हणजे डॅशबोर्डमागे पडलेला प्लॅस्टिकचा तुकडा.

इकोवाल्यांची तक्रार वेगळी आहे. त्यांची गाडी जात नाही, सायलेन्सर जातो. गेल्या काही वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे हा प्रकार वाढला, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात आणि आतली 'माती' काढून विकली जाते. दार उघडत नाही, काच फुटत नाही, त्यामुळे आपला साधा अलार्म गप्प बसतो. इथे झुकाव ओळखणारा टिल्ट सेन्सर उपयोगी पडतो, पण त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय फॅब्रिकेशनवाल्याकडे आहे: खालून जाळीचा पिंजरा, बोल्टची डोकी वेल्डिंगने बुजवलेली. आपलं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायला काही हरकत नाही.

आता जरा कडू बोलतो. ती 'माती' कोणीतरी विकत घेतं. निम्म्या किमतीत मिळणारा ईसीयू, बिनबिलाची बॅटरी, "भावाच्या गाडीचं आहे" म्हणून आलेलं मीटर कोणत्यातरी गॅरेजच्या कपाटात जातं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी कलम 317 आहे. प्रवासी किंवा माल वाहणारी गाडी चोरण्याला कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याची भीती दाखवायला हे लिहीत नाही. या धंद्यात प्रामाणिक माणसं जास्त आहेत, आणि एकाच्या कपाटामुळे पोलिसांची जीप सगळ्यांच्या दारात उभी राहते, म्हणून लिहितो.

चावीचंही तेच. की-प्रोग्रामिंगचं मशीन आता कोणीही विकत घेऊ शकतं. समोरचा म्हणतो, "चावी विहिरीत पडली, दादा, अर्ध्या तासात करून द्या, लग्नाला जायचंय." लग्न खरंही असेल. पण आरसी आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय, चेसिस नंबर स्वतः गाडीवरून वाचून आरसीशी ताडल्याशिवाय मशीन लावू नये. नंबर प्लेटवर विश्वास नको. नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून हाय सिक्युरिटी प्लेट येते, पण जुन्या कितीतरी गाड्यांवर अजून पेंटरने रंगवलेली पाटी आहे. प्लेट हाय सिक्युरिटी असेल तर तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक आहे का आणि स्नॅप-लॉक तुटलेलं आहे का, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं.

विम्याबाबत गिऱ्हाईक आपल्यालाच विचारतं, म्हणून थोडं. पुण्याच्या एआरएआयने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण असेल आणि मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनने ते बसवल्याचं प्रमाणित केलं असेल, तर जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे ओन डॅमेज हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सूट. रक्कम लहान आहे. सूट मिळेल असं सांगून बिनमान्यतेचा माल खपवू नका. गाडी गेलीच तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी डॅशबोर्डात ठेवणाऱ्याला तिथल्या तिथे टोका. आणि तक्रार आधी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात म्हटलं की, पोलिसांत लगेच गुन्हा नोंदवला असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा दावा नाकारता येत नाही. आपल्या सीमेवर त्याहून मोठी सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने झाली आहे: गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. "तुमची गाडी उंबरगाव हद्दीतून गेली, तिकडे जा" हे उत्तर आता चालत नाही. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. काउंटरवर एक कागद चिकटवा.

अंकाच्या मधल्या पानावर या महिन्यात एक कोरा तक्ता छापला आहे. वाहन क्रमांक, चेसिस क्रमांक, काय बसवलं, रिले कुठल्या लाइनवर, चावी केली असेल तर कोणाच्या ओळखपत्रावर, तारीख, गिऱ्हाइकाची सही. चोर स्विचची जागा त्यात लिहू नका, ती फक्त मालकाला तोंडी सांगा. झेरॉक्स काढून वही बांधा. काही वाचकांनी आधीच कळवलं आहे की यात वेळ जातो आणि गिऱ्हाईक कटकट करतं. वेळ जातो हे खरं. मजुरीत पन्नास रुपये वाढवा आणि ते कशाचे आहेत हे सांगा.