दुधाची दाढ आणि तिच्यातील औषध

“दुधाचाच तर दात आहे, आज ना उद्या पडणारच, मग त्यावर एवढा खर्च कशाला?” हा प्रश्न आपल्या अनेक घरांत विचारला जातो. मूल रात्री दाढ दुखते म्हणून रडू लागते, आजी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवते आणि ठणका थांबला की विषय मागे पडतो. वस्तुतः दुधाची मागची दाढ वयाच्या दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाची असते. ती अकाली गेली तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताची जागा अडते.

कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली, तरी मुळांतील गाभा निरोगी असल्यास दात वाचविता येतो. वरचा दूषित भाग काढून उरलेल्या भागावर औषध ठेवतात. ते कोणते असावे, हाच कळीचा प्रश्न होय. कारण जे जंतूंना मारक, ते पुष्कळदा जिवंत पेशींनाही मारक असते. एकोणिसाव्या शतकात गाभा मृत करण्यासाठी सोमल वापरीत. तो झिरपला की जबड्याचे हाडही कुजत असे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी फॉर्मोक्रेसॉल आले. फॉर्माल्डिहाइड व क्रेसॉल यांचे हे जंतुनाशक मिश्रण बोळ्याने सुमारे पाच मिनिटे लावतात. त्याने अनेक दशके असंख्य दाढा वाचविल्या. परंतु 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडविणारा पदार्थ ठरविले. येथे तारतम्य हवे. तो निष्कर्ष मुख्यतः कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ श्वासावाटे होणाऱ्या संपर्कावरून काढलेला होता. दाढेत लागणारी मात्रा अत्यल्प असते. म्हणून ज्यांच्या मुलांवर पूर्वी हा उपचार झाला, त्यांनी भयभीत होऊ नये. मात्र तितकाच गुणकारी पर्याय उपलब्ध असता जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही.

तो पर्याय म्हणजे एमटीए. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेले हे द्रव्य रचनेने बांधकामाच्या सिमेंटशी जवळचे आहे. ते ओलाव्यातच घट्ट होते, जंतूंची वाट बंद करते आणि जिवंत गाभ्याला सहसा इजा करीत नाही. त्यात दोषही आहेत: ते महाग आहे आणि त्याने दात काळवंडू शकतो.

गाभा मुळापर्यंत सडला असेल तर मुळांच्या नलिका सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. घरातील ब्लीचमधील हेच रसायन जंतू मारते आणि सडका भागही विरघळविते; पण मुळाबाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज आणते. ते तोंडात सांडू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावणे उत्तम.

तेव्हा दंतवैद्यांना तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: गाभ्यावर कोणते औषध ठेवणार? तेच का निवडले? रबराचा पडदा लावणार का? मालाची पारख केल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. मुलाच्या तोंडात जाणाऱ्या औषधाविषयी मात्र अवाक्षर विचारीत नाही. ही उणीव भरून काढणे आपल्याच हाती आहे.