डोक्यावरचे वेटोळे आणि ताटातले अन्न

फॅरेडेचा प्रयोग शिकवून झाला की वर्गातून कोणी ना कोणी विचारतेच, "सर, याचा उपयोग काय?" यंदा एका विद्यार्थिनीने निराळेच विचारले. "डोक्यावर चुंबक धरून, जेवण सोडलेल्या मुलींना बरे करतात म्हणे. खरे का, सर?" वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रातील वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडेने १८३१ साली दाखविले. आपला मेंदूही वाहकच आहे, आणि चेतापेशींचा सारा कारभार विजेच्या सूक्ष्म स्पंदांवर चालतो. १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे माणसाच्या डोक्याजवळ धरून त्यातून प्रचंड प्रवाह सोडला, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळ. त्या माणसाचा हात आपोआप हलला! अशा वेटोळ्याचे क्षेत्र दीड-दोन टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या कित्येक हजार पट असते. (जाहिरातीतल्या चुंबकीय गादीशी याची गल्लत करू नका. गादीतले चुंबक स्थिर, क्षेत्र बदलत नाही, मग प्रवाह कुठला? पैसे तेवढे जातात.)

नैराश्यावरील उपाय म्हणून या तंत्राला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. मग साहजिकच 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' या विकाराकडे लक्ष गेले. यात वजन वाढण्याची भीती मनात एवढी घर करते की, शरीर खंगत गेले तरी रुग्ण पोटभर जेवत नाही. विकार मुलग्यांनाही होतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. लंडनमध्ये ३४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींना खरे वेटोळे लावले, काहींना खोटे. आपल्याला कोणते, हे रुग्णांना सांगितले नव्हते. चार महिन्यांनी खऱ्या वेटोळ्याच्या गटात मनःस्थिती अधिक सुधारलेली दिसली. वजनात मात्र दोन गटांत फरक थोडाच होता. कॅनडातील टोरोंटो येथे तर सहा रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने विद्युताग्रे बसविली. नऊ महिन्यांनी तिघींचे वजन पूर्वीपेक्षा वाढले होते, असे २०१३ साली जाहीर झाले. परंतु तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

हे संशोधन अवश्य व्हावे. भौतिकी शिकविणाऱ्याला त्याचा आनंदच आहे. पण आज त्याला हुकमी उपचार म्हणणे घाईचे होईल, आणि मेंदूचा उपचार म्हणजे यंत्रच, ही समजूत तर मला मुळीच पटत नाही.

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते स्वेच्छेने आले होते. ही धडधाकट माणसे चिडचिडी झाली, उदास झाली, त्यांचे कशात लक्ष लागेना. दिवसरात्र अन्नाचाच विचार! काहीजण तर पाककृती जमवू लागले. उपासमारीनेच मन बदलले होते. यात नवल नाही, कारण शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी ऊर्जेचा पाचवा हिस्सा तोच खातो. अ‍ॅनोरेक्सियात आक्रसलेला मेंदू, वजन परत आले की बऱ्याच अंशी भरून येतो. म्हणजे अन्न हाच मेंदूवरचा पहिला उपचार. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात तपासलेल्या पद्धतीत आईवडीलच काही काळ मुलांच्या जेवणाची सूत्रे हाती घेतात. डॉक्टर पाठीशी असतात. कुमारवयीन रुग्णांसाठी आजही हाच सर्वांत भक्कम आधार असलेला मार्ग होय.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एखादी मुलगी किंवा मुलगा डबा उघडेनासा झाला, वाळत चालला, तर त्याला नखरे म्हणू नका. एकांतात विचारा, घरी कळवा, डॉक्टरकडे न्यायला सांगा. आणि मित्रांनो, तुमच्या शेजारच्या बाकावर असे कोणी असेल, तर चहाडी होईल म्हणून गप्प बसू नका.

आता त्या हशाचे. काही वर्षांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेत एक मुलगी घेरी येऊन बसली. "काय, डाएटिंग जोरात दिसतंय!" असे मी म्हणालो. सगळे हसले, तीही हसली. दोन महिन्यांनी ती रुग्णालयात असल्याचे कळले. पुढच्या वर्षी ती परत आली, राहिलेले प्रयोग तिने पुरे केले. तिच्या वहीवर सही करताना, काय बोलावे ते मला सुचले नाही.