'गॅप' म्हणजे निदान नव्हे

संपादक महोदय,


आपल्या आरोग्य पुरवणीतला कंबरदुखीवरचा लेख वाचला. कंबरेतून निघून पायात उतरणारी कळ म्हणजे सायटिका आणि सायटिका म्हणजे मणक्यात 'गॅप', असा सरळ हिशोब लेखकाने मांडला आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून तो मला खटकला. हाच हिशोब डोक्यात आणि एमआरआयची पिशवी काखोटीला घेऊन रुग्ण आमच्याकडे येतात.

सायटिका हे लक्षण आहे, आजार नव्हे. त्यामागे बहुतेकदा मणक्यांमधली गादीच असते, हे खरे. कंबरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांपैकी एखादी बाहेर डोकावते आणि नसेच्या मुळावर दाब येतो. मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये हा संबंध दाखवून दिला. तेव्हापासून सगळे खापर गादीवरच फुटत आले आहे.

मात्र फुगलेली गादी दिसली, म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे नाही. कंबरदुखी नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. वय वाढले की केस पिकतात, तशातलाच हा प्रकार. कारण शोधायचे तर रुग्णाला आडवे करून पाय सरळ उचलून पाहावा लागतो, अंगठ्याची ताकद अजमावावी लागते, टाचेमागे हातोडी मारावी लागते. दहा मिनिटांचे काम. पण तेवढी फुरसत हल्ली कोणाला आहे?

साठीपुढचा माणूस चालता चालता पोटऱ्या भरून आल्या म्हणून थांबतो. त्याला बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच आराम पडत असेल, सायकल मात्र मजेत चालवता येत असेल, तर मणक्यातली नळी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. नुसते उभे राहूनच दुखणे ओसरत असेल आणि जोडीला विडी-सिगारेट असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात. अशा माणसाच्या कंबरेला ट्रॅक्शन लावणे म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! खुब्याचा सांधा झिजला तरी कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत जाते. नागिणीचे फोड उठण्याआधी पायात अशीच आग होऊ शकते. आणि बारीक ताप, घटते वजन, रात्री पडूनही न थांबणारे दुखणे असेल, तर आपल्या देशात मणक्याचा क्षय आधी आठवायला हवा. पूर्वी कर्करोग झालेल्यांच्या बाबतीत तो मणक्यात पसरल्याची शंकाही.

गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेत लाथ मारून घेण्याची रीत होती. साधी उसण तशीही चार-आठ दिवसांत जाते, श्रेय लाथेला मिळते. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर तीच लाथ बसली तर? शहरात 'एका झटक्यात नस मोकळी' करून देणारे या पायाळूंचेच वारसदार, फक्त फी घेणारे.

एमआरआय नकोच, असे माझे म्हणणे नाही. गादीमुळे झालेली सायटिका बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत, हिंडतेफिरते राहून, शस्त्रक्रियेविना बरी होते. तिथे पहिल्याच आठवड्यात स्कॅनची घाई नको. पायातली ताकद कमी होत असेल, चालताना चप्पल निसटत असेल, तर मात्र थांबू नये. बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

आपल्या लेखात या धोक्याबद्दल एक ओळही नव्हती. त्याच पानावर 'ऑपरेशनशिवाय सायटिका कायमचा बरा' ही जाहिरात मात्र ठळक होती. पुढच्या पुरवणीत निदान ही लक्षणे तरी तेवढ्याच ठळक चौकटीत छापावीत, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली